गाठीचं खरं नाव

मला टीबी झाला होता. मानेतल्या गाठींचा. आज हे वाक्य मी कढईत वडी सोडता सोडता कुणालाही सांगते, पण मधले काही महिने आमच्या घरात या शब्दाला बंदी होती. बंदी घातली होती मयुरीच्या बाबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने. मयुरी आमची एकुलती एक मुलगी. तिला पारशिवनीला दिली आहे, आणि माझं दुखणं नेमकं तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या तोंडावर आलं. त्यामुळे हे लिहिलेलं निम्मं दुखण्याबद्दल आहे आणि निम्मं त्या दुखण्याला आम्ही काय काय नावं दिली त्याबद्दल.

मी डॉक्टर नाही. नागपुरात मानेवाड्याला राहणारी आणि हिवाळ्यात सांबारवड्यांच्या ऑर्डरी घेणारी बाई आहे. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते. औषधांची नावं आणि डोस मला विचारू नका. कागदावरचे मोठमोठे शब्द वाचून माझी कशी पाचावर धारण बसली आणि त्यातला कुठला शब्द नंतर किती साधा निघाला, एवढंच मी सांगू शकते.

इम्प्रेशन

गाठ हाताला लागली ती वेणी घालताना. उजव्या कानाच्या खाली, वाटाण्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून मी कानाडोळा केला. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात जायची सवय आमच्यात कुणालाच नाही. संध्याकाळी अंगात कसकस यायची, ती मी थकव्यावर ढकलली. ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा तर मी टेलरशी भांडून आले, की तुला माप घेता येत नाही. तो बिचारा टेप हातात धरून म्हणाला, "काकू, तुम्हीच उतरल्या आहात." मी ते कौतुक समजले.

वाटाण्याची सुपारी झाली आणि शेजारी आणखी गाठी उठल्या, तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला. त्याने फरक पडला नाही, मग सोनोग्राफी सांगितली. रिपोर्टचं पाकीट आम्ही जिन्यातच फोडलं. मला इंग्रजी वाचता येतं, पण ते इंग्रजी माझ्या ओळखीचं नव्हतं. मल्टिपल, मॅटेड, सर्व्हायकल, लिम्फॅडिनोपथी. खाली ठळक अक्षरांत 'इम्प्रेशन', आणि त्याच्याखाली एकच ओळ, 'टू रूल आउट लिम्फोमा'.

आज हे शब्द मला कळतात. सर्व्हायकल म्हणजे इथे मानेतल्या. मॅटेड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या. लिम्फॅडिनोपथी म्हणजे गाठी वाढल्यात. का वाढल्यात, ते त्या शब्दात लिहिलेलं नसतं. इम्प्रेशन म्हणजे यंत्रावर बघणाऱ्या डॉक्टरांना काय वाटलं ते, निकाल नव्हे. आणि रूल आउट म्हणजे 'हे नाही ना, एवढी खात्री करून घ्या'. त्या दिवशी मात्र आम्ही त्यातला एकच शब्द मोबाइलमध्ये टाकला, लिम्फोमा. आणि मोबाइल म्हणाला, कॅन्सर.

आमच्या घराण्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. स्थळ आलं की त्या ग्रुपवर, गाडी घ्यायची झाली की ग्रुपवर, बोअरवेलला पाणी लागलं की त्याचा व्हिडिओ ग्रुपवर. विचारल्याशिवाय काही केलं तर माणसं रुसतात. मयुरीच्या बाबांनी त्याच शिरस्त्याने रिपोर्टचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'कोणाले समजते का?' समजत कुणालाच नव्हतं, पण लिम्फोमा हा शब्द प्रत्येकाने शोधला. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. चुलत सासूबाईंनी तर रडणारा आवाजच रेकॉर्ड करून पाठवला. संध्याकाळपर्यंत कन्हानपासून खाप्यापर्यंत सगळ्या गोतावळ्यात झालं, की मंदाला कॅन्सर निघाला.

मयुरीचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती हुंदके देत होती. मी तिला म्हटलं, "अवं, अजून सुई टोचायची आहे, आधी ते तर होऊ दे." फोन ठेवला आणि मग मी स्वतः रडले. मरणाची भीती मला वाटली नाही असं नाही. पण खरं सांगते, जास्त भीती ही होती की पोरगी बाळंतपणाला माहेरी येईल आणि घरात माहेर करायला आईच नसेल.

सुई

एफएनएसी या अक्षरांचा मी इतका धसका घेतला होता, आणि निघाली ती बारीक सुई. गाठीत टोचून थोडा अंश ओढून घेतात, काचेवर पसरतात आणि दुर्बिणीतून बघतात. चावा घेतल्यासारखं होतं, बस. जीव जातो तो निकालाची वाट बघण्यात.

रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यावर 'ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडिनायटिस, सजेस्टिव्ह ऑफ कॉक्स' असं होतं. 'ओमा' दिसलं आणि मी कागद घडी घालून पर्समध्येच टाकला. नंतर कळलं, की ओमा म्हणजे साधारण गाठ. ती कसली हे पुढचं-मागचं वाचून ठरतं, आणि ग्रॅन्युलोमा म्हणजे कॅन्सर नव्हे. आयटिस म्हणजे सूज. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या दिवशी जेवले असते.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ज्यांच्याकडे पाठवलं होतं, ते सर्जन घाईत होते. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "कॉक्स दिसतंय. छातीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. खाली चहाच्या टपरीवर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"कॉक्स."

"ते काय असते?"

"असन काई तरी. त्याइनं कॅन्सर म्हटलं का? नाही न? मंग बस झालं."

छातीच्या डॉक्टर बाई होत्या. माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. त्यांनी छातीचा एक्स-रे काढवला, थुंकी तपासायला पाठवली, आणि सगळं हाती आल्यावर सरळ सांगितलं, "टीबी आहे. गाठींचा."

मी म्हटलं, "पण ते डॉक्टर तर कॉक्स म्हणाले."

"तेच ते. टीबीचा जंतू ज्यांनी शोधला, त्यांचं नाव. पेशंटच्या तोंडावर टीबी म्हणायचं जिवावर येतं, म्हणून आमच्यात असं म्हणायची पद्धत पडली आहे."

म्हणजे डॉक्टरसुद्धा लाजतात. मला हसूच आलं. कॅन्सर नाही, सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत, बरं होतं. मला तर खुर्चीतून उठून त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. बाजूला बघितलं, तर मयुरीच्या बाबांचा चेहरा उतरलेला. कॅन्सरच्या बातमीलाही तो इतका उतरला नव्हता.

गाडीला किक मारायच्या आधी ते म्हणाले, "मंदे, हे कोणाले सांगाचं नाही."

"काहून?"

"काहून काय? तुह्या हातची सांबारवडी खाईन कोन? अन् पारशिवनीले समजलं तं ते पोरीले पाठवतीन का इथं, बाळंतपणाले?"

"मंग लोकाइले सांगाचं काय?"

"सांगाचं काय हाय त्यात? ते जे समजून हायेत ते समजू दे."

ग्रुपवर सुईच्या रिपोर्टचा फोटो गेला नाही. मयुरीला मात्र मी त्याच दिवशी फोन करून खरं सांगितलं, आणि तिच्या बाबांनी माझ्या हातातून फोन घेऊन तिला बजावलं, की सासरी तोंडातून ब्र काढायचा नाही.

कॅन्सरचा मान

एक गोष्ट मला कळली. कॅन्सर झालेल्या बाईला मान फार मिळतो. ज्या जावेशी माझी पाच वर्षं बोलाचाली बंद होती, ती संत्र्यांची पिशवी घेऊन आली आणि माझे पाय चेपत बसली. चुलत सासूबाई म्हणाल्या, "मनात काई खायची इच्छा असन तं सांग वं, बाई. ठेवू नको काई मनात." मी म्हटलं, मला पाटोडी खायची आहे. दुसऱ्या दिवशी बेसनाच्या वड्यांचा डबा हजर. गोळ्यांनी मळमळत होतं, तरी मी खाल्ली. पाटोडी ती पाटोडीच.

गोळ्या सरकारी, फुकटच्या, वजनावर ठरवून दिलेल्या. पहिल्या दिवशी लघवी लालसर नारिंगी झाली आणि मी मोरीतच किंचाळले. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, पण त्या दिवशी मी आनंदात होते, ऐकलंच नव्हतं. तो औषधाचा रंग असतो. घाबरू नका.

सगळ्यात मोठी फजिती झाली ती आरोग्य खात्याची ताई घरी आली तेव्हा. टीबीच्या पेशंटच्या घरी त्या येतात, बाकीच्यांना काही त्रास नाही ना ते बघतात. आम्हाला हे माहीतच नव्हतं. समोरच्या निर्मलाबाई ओट्यावर बसल्या होत्या आणि ताईने फाटकातूनच विचारलं, "पेशंट इथंच राहते ना?" मयुरीचे बाबा धावत गेले आणि मोठ्याने म्हणाले, "या, या, पोलिओवाल्या या!"

निर्मलाबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी लेकरू कुठी हाय जी?"

"येऊन राहिलं न!" मयुरीचे बाबा म्हणाले. ताई माझ्याकडे बघून हसली. तिला हे नवीन नसावं. तिने आत बसून हळू आवाजात दोघांची चौकशी केली आणि जाताना मला म्हणाली, "गोळी चुकवू नका, बाकी लोकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

आम्हीच करतो

आणि मग पारशिवनीहून विहीणबाईंचा फोन आला. त्यांचं घर शेतीचं, धान आणि थोडी संत्र्याची झाडं. बाई बोलायला फटकळ, पण मनाने स्वच्छ. त्या म्हणाल्या, "ईनबाई, तुमी काई काळजी नका करू. पोरीचं बाळंतपण आमीच करतो इथं. तुमची अशी तब्येत, त्यात पोरीचं अन् लेकराचं कोन पाहीन? तुमी फक्त बऱ्या व्हा. मी तुमच्यासाठी चहा सोडला हाय. तुमी बऱ्या झाल्या का मंगच घोटभर घेईन."

त्या बाईला मी दिवसातून सहा वेळा चहा पिताना बघितलं आहे.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. पोरगी हातची जाऊ नये म्हणून खोटं चालू ठेवलं होतं, आणि त्या खोट्यानेच पोरगी गेली. तीसुद्धा कुणाच्या वाईटपणामुळे नाही, चांगुलपणामुळे. कुणाशी भांडायची सोय नव्हती. मयुरीने हळूच फोन करून विचारलं, "आई, सांगून टाकू का मी?" स्पीकरवर ऐकत बसलेल्या तिच्या बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांना जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

त्याच सुमारास गाठी एकाएकी वाढल्या. गोळ्या नियमाने चालू, आणि गाठ लिंबाएवढी. मला वाटलं, खोटं बोलल्याची शिक्षा. डॉक्टरांकडे गेले तर त्या म्हणाल्या, "पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन."

"सोप्या शब्दांत सांगा हो, मॅडम. या शब्दांनीच माझा निम्मा जीव गेला आहे."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "औषधाने जंतू मरतायत. मेलेल्या जंतूंवर शरीर खवळतं आणि गाठ आधी फुगते, मग बसते. प्रत्येकाला होत नाही, तुम्हाला झालं. तरी मी एकदा तपासून बघते. गोळ्या बंद करायच्या नाहीत."

तपासून झाल्यावर मी उठले नाही. माझा खरा प्रश्न अजून विचारायचा होता, आणि तो विचारायची मला गाठींपेक्षा जास्त भीती वाटत होती. "मॅडम, माझी मुलगी बाळंतपणाला आली, तर मी बाळाला घेऊ शकते का?"

त्यांनी कागद पुढे ओढला. "हे बघा. एक्स-रे क्लिअर. स्पुटम निगेटिव्ह. एक्स्ट्रापल्मनरी." मग माझं तोंड बघून थांबल्या. "म्हणजे तुमचा टीबी मानेत आहे, छातीत नाही. थुंकीत जंतू सापडलेले नाहीत. तुमच्या खोकल्यातून, श्वासातून तो दुसऱ्याकडे जात नाही. घ्या की बाळाला. रोज घ्या. न्हाऊ घाला."

मी तिथेच पदराने डोळे पुसले. बाहेर आले आणि मयुरीच्या बाबांना सांगितलं, "मी पारशिवनीले चालली. याचं तं या." ते आले.

मिरच्या

आम्ही पोचलो तेव्हा विहीणबाई पडवीत वाळल्या लाल मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. मयुरी आत होती, मोठ्या पोटाने हळूहळू बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. मी पाणीसुद्धा न पिता विहीणबाईंच्या समोर बसले. वाटभर मनात नीट जुळवलं होतं, आधी हे सांगायचं, मग ते. प्रत्यक्षात म्हणाले, "ईनबाई, मला कॅन्सर नाही."

"पावला वं माय, देव पावला!" त्यांनी हात जोडले.

"टीबी आहे."

आणि तेवढ्यात मला मिरच्यांचा ठसका लागला. असा लागला की थांबेच ना. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं. विहीणबाई वीतभर मागे सरकल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. ते मी बघितलं. फार लागलं मला. मला वाटलं, संपलं आता, कुठलाही रिपोर्ट याच्यापुढे उपयोगाचा नाही.

मग मयुरीच्या बाबांना ठसका लागला. मग मयुरीला. मग पदराआडून खुद्द विहीणबाईंना. सगळे खोकत अंगणात पळालो, आणि अंगणात उभं राहून त्या ओरडल्या, "जळो त्या मिरच्या! टीबी होता तं मंग कॅन्सर काहून सांगतला तुमी?"

"आम्ही सांगितला नाही. तुम्ही समजलात, आम्ही समजू दिलं."

"अन् मी चहा सोडला न वं!" त्या माझ्यावरून मयुरीच्या बाबांकडे वळल्या. "काय जी याही, कोनाच्या डोक्यातून निघालं हे?"

मयुरीचे बाबा विहिणीसमोर मान वर करत नाहीत. ते चपलेकडे बघत म्हणाले, "आमाले वाटलं, टीबी म्हटलं तं तुमी पोरीले पाठवणार नाही."

"अन् कॅन्सर म्हटलं तं पाठवली का मी?"

 मी तिथेच तुळशीजवळ बसून विहीणबाईंना सगळं सांगितलं. गाठ कुठे आहे, छातीचा फोटो स्वच्छ आहे, थुंकीत काही नाही, त्यामुळे ते दुसऱ्याला लागत नाही. मोठे शब्द एकही वापरले नाहीत. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमच्यावर भरोसा हाय. पण एकदा खोटं ऐकलं मी. आता डॉक्टरच्या तोंडून ऐकीन."

मला अपमान वाटला. थोडा वेळ वाटला. मग विचार केला, तिच्या घरची सून आणि तिच्या घरचं नातवंड. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि याच्याहून वाईट शब्दांत.

पुढच्या तपासणीला त्या एसटीने नागपूरला आल्या. डॉक्टरांच्या टेबलापाशी माझ्या खुर्चीच्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, "ते समजलं. आता एक सांगा. तुमची सून असती, तं तुमी पाठवली असती का हिच्या घरी?"

डॉक्टर जराही थांबल्या नाहीत. "पाठवली असती. फक्त यांची गोळी एक दिवसही चुकायला नको."

"ते मी पाहीन," विहीणबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोज सकाळी त्यांचा फोन. गोळी घेतली का? काय खाल्लं? अंडं खाल्लं का? मी कधी खोटं हो म्हटलं, तर मागून मयुरीच्या बाबांना फोन जायचा. मधे एकदा काविळीची शंका आली म्हणून एलएफटी, म्हणजे लिव्हर कसं चाललंय त्याची तपासणी करावी लागली. तेव्हा निकाल यायच्या आत त्यांनी तीनदा विचारलं. ती नॉर्मल निघाली. सासू सुनेला छळते हे ऐकलं होतं. विहिणीने विहिणीला असं छळलेलं मी माझ्यावरूनच बघितलं.

बारसं

मयुरी आली. मुलगी झाली. मी तिला घेतलं, न्हाऊ घातलं, तिची टाळू भरली, शेकशेगडी केली. यातलं काही मी शब्दांत सांगू शकणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. गाठी तोवर बसत आल्या होत्या. गोळ्या चालू होत्या.

बारशाला घर भरलं. मी सांबारवड्या केल्या होत्या, ताटं फिरत होती. पाळणा झाला, नाव ठेवून झालं, आणि चुलत सासूबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या गालावरून हात फिरवला. "देवाची कृपा वं बाई. कॅन्सरातून उठून नातीचा पाळणा हलवला."

मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नव्हता त्याइले. टीबी होता."

 बायांच्या हातातल्या वड्या हातातच राहिल्या. विहीणबाईंचा आवाज शेतात हाक मारायच्या सवयीचा. तो वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनाही गेला असणार. "गाठीचा टीबी. गोळ्या चालू हायेत, बऱ्या होऊन राहिल्या. कोणाले लागत नाही, मी सोता डॉक्टरले इचारून आली. माही नात याइच्याच मांडीवर वाढून राहिली." आणि त्यांनी माझ्या ताटातली वडी उचलून खाल्ली.

मयुरीचे बाबा पाण्याचा जग घेऊन दारात उभे होते. मला वाटलं, हे आता मागच्या मागे निघून जातील. ते म्हणाले, "हो. टीबीच होता." आणि पाणी वाढायला लागले.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. दोघी-तिघींनी ताट तसंच ठेवलं. जुनी गिऱ्हाइकं होती, त्यांतल्या काहींची ऑर्डर त्यानंतर आली नाही, अजून येत नाही. वाईट वाटतं. पण घरात आता हळू आवाजात बोलावं लागत नाही, आणि त्याची किंमत मला जास्त आहे.

पाहुणे पांगत होते. मी नातीला घेऊन आतल्या खोलीत गेले. पाठोपाठ विहीणबाईंची धाकटी जाऊ आली. तिला मी दोन-चारदाच बघितलं असेल, अबोल बाई. तिने दार लोटलं. मला वाटलं, तिला बाळाला जवळून बघायचं असेल. तिने गळ्याभोवती घट्ट घेतलेला पदर सैल केला. मानेला चुना-हळदीचा लेप वाळून पापुद्रे सुटले होते, आणि त्याच्याखाली गाठी होत्या.

"ताई," ती म्हणाली, "वरीस झालं. कोणाले दाखवलं नाही. मले वाटलं, घरातून काढतीन."

मी नातीला मांडीवर नीट घेतलं आणि मोकळ्या हाताने तिची मान चाचपली. डॉक्टरांनी माझी चाचपली होती तशी, कानाखालून खाली. हाताला तिचा घाम लागला. तिने डोळे मिटून घेतले होते.

"प्रत्येक गाठ टीबीचीच असते असं नाही," मी म्हटलं. "सुई टोचून बघतील. चावल्यासारखं होते, बस. उद्या माझ्यासंगं चाल. अन् असलाच टीबी, तं बरा होते."

"हळू बोला न ताई," ती म्हणाली. "बाहेर ऐकू जाईन."

"जाऊ दे," मी म्हटलं, आणि 'टीबी बरा होते' हे पुन्हा मोठ्याने म्हटलं.